एकास अनेक

बुटांच्या चार खोक्यांत एक हजार एकशे सहा पियानो.
तार्तूचे, विल्यांदीचे, तळ्याकाठच्या गावांचे.
प्रत्येकाचं एक कार्ड, आणि अक्षर सगळं माइमूचं.
मी नुसता सूर लावत आलो. लिहीत ती आली:
कुठल्या पियानोतली लोकर उंदरांनी नेली,
कुठे वरच्या सप्तकात तार तुटते दर जानेवारीत,
कुठे पैसे मागायचे नाहीत,
कुठे कुत्रा आहे,
आणि कुठल्या बाई कॉफी म्हणून चिकोरी पाजतात.

खोक्यांचे कोपरे फाटले तेव्हा भाचीची रेत आली,
लॅपटॉपवर तीन सॉफ्टवेअर घालून गेली.
"पंधरा पंधरा दिवस फुकट वापरा, मग ठरवा."
स्थळं पाहायला बसावं
तसे आम्ही दोघं समोर बसलो.

पहिल्यानं उंबऱ्यातच अडवलं.
टेबल बनवा, म्हणालं.
ज्यावर तू बसलायस ते मीच बनवलंय, मी म्हटलं.
प्रायमरी की कोणती?
मधली पांढरी. मी तिथूनच सुरुवात करतो.
त्याला हसू आलं नाही, लाल झालं.
मग म्हणे, नातं सांगा:
एकास एक, का एकास अनेक?

आता काल्यू सेप्पचा पियानो घ्या.
आधी शाळेचा, मग दवाखान्याचा, मग काल्यूचा,
घटस्फोटात पियानो पहिल्या बायकोला,
स्टूल मात्र काल्यूकडेच,
आणि ती वाजवायला येते ती अजून त्याच स्टुलासाठी, म्हणे.
हे एकास किती?
माइमू म्हणाली, बंद कर ते.
याला काम नको, परीक्षा घ्यायचीय.

दुसरं देखणं होतं.
चौकोन ओढा, सोडा, रंग भरा.
सगळ्यांना ते ग्राहक म्हणायचं,
मेलेल्यांनासुद्धा.
आणि तारीख घातल्याशिवाय पान उलटू द्यायचं नाही.
माइमूच्या हातातलं कार्ड म्हणत होतं:
"बर्फ उतरून रस्ता मोकळा झाला त्या आठवड्यात."
घाल कुठलीतरी तारीख, मी म्हणालो.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी एक तार किंचित उतरलेली ठेवून
टोपी घालून निघालोय.

तिसरं राखाडी, काहीसं जुनाट.
त्यानं एक कोरं कार्ड समोर ठेवलं
आणि गप्प राहिलं.
रकाना रिकामा ठेवला तर चालायचा.
शेरा लिहावा तेवढा लांबायचा.
पुसायला गेलं की मात्र विचारायचं: नक्की?
माइमू मला हाक मारेल म्हणून मी दुसऱ्या खोलीत थांबलो.
नाही मारली.
फेब्रुवारीभर स्वयंपाकघरातून एका बोटाची टकटक,
तालात नाही, पण न थांबता.
त्यावरून मला कळलं, कोणतं घ्यायचं.

मार्चमध्ये रेतनं फोनवरून एक बटण शिकवलं:
कोणाकडे आपण सगळ्यांत जास्त दिवस गेलो नाही, ते वर येतं.
मला वाटलं, बेटावरची पाद्रीणबाई येईल.
रिकाम्या तारखा आधी येतात, हे कोणाला ठाऊक?
पाच-सहा आल्या, आणि त्यांच्याही डोक्यावर
क्रमांक एक हजार एकशे सात.
हे कार्ड कुठल्याच खोक्यात नव्हतं.

मालक: आम्ही.
शेवटचा सूर: —
शेरा: खालची काळी दोन कधीची गेलीय.
कारागीर चांगला आहे, पण घरी सापडत नाही.
पैसे मागायचे नाहीत. कॉफी खरी.

खोकी पियानोवरच होती, इतकी वर्षं.
एकेक करून खाली उतरवली.
झाकणावर चार चौकोन तेवढे स्वच्छ,
बाकी सगळी धूळ.
माझी किल्ली कुठंय, मी विचारलं.
टकटक थांबली नाही.
"शोध की," ती आतून म्हणाली,
"आता सगळं सापडतं म्हणे आपल्याकडे."